घरचा मीडिया सर्व्हर आणि बिघडणारे चित्र

लग्न, मुंज, बारसे, साठीशांत अशा प्रसंगी घेतलेली चलच्चित्रे हा आता प्रत्येक घरच्या ठेव्याचा भाग झाला आहे. खकनार-बऱ्हाणपूरकडील आपल्या मंडळींची मुलेबाळे शिक्षण व नोकरी यांच्या निमित्ताने इंदूर, पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे परदेशी पांगली आहेत. साहजिकच, कपाटात पडून राहिलेल्या व्हिडिओ कॅसेटी संगणकात उतरवून घ्याव्या, त्या एका यंत्रावर ठेवाव्या, आणि घरच्या टीव्हीवर किंवा दूरच्या नातेवाइकांच्या फोनवर हव्या तेव्हा पाहाव्या, अशी सोय कित्येक कुटुंबांनी करून घेतली आहे. या यंत्रास मीडिया सर्व्हर म्हणतात. जेलीफिन, प्लेक्स व एम्बी ही त्यावर चालणाऱ्या प्रणालींची प्रचलित नावे होत. पैकी जेलीफिन ही २०१८ च्या डिसेंबरात एम्बीपासून वेगळी निघाली. ती विनामूल्य आहे व तिचा मूळ मजकूर कोणासही पाहता येतो.

सोय झाली तरी तक्रार उरतेच. मूळ फाईल संगणकावर स्वच्छ दिसते. मग तीच टीव्हीवर धुरकट का? मंगलाष्टके चालू असता चित्राचे चौकोन का पडतात? नवरीच्या शालूचा लाल रंग राखाडी का होतो? या प्रश्नांची उत्तरे बहुधा एकाच ठिकाणी सापडतात. सर्व्हर ते चित्र जसेच्या तसे न देता वाटेत त्याचे रूपांतर करतो. आणि ते काम लवकर व्हावे म्हणून प्रोसेसरातील किंवा ग्राफिक कार्डातील एका खास भागाकडे सोपवितो. या प्रकारास हार्डवेअर ट्रान्सकोडिंग म्हणतात. ते म्हणजे काय, त्यात दोष कोठे शिरतात आणि ते घरच्या घरी कसे शोधावे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जाणकारांस यात नवीन काही मिळेल असे नाही. परंतु ज्यांनी भाच्याकडून किंवा नातवाकडून सर्व्हर लावून घेतला आणि पुढे तो सांभाळण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले, त्यांस याचा उपयोग व्हावा.

चित्राची घडी कशी घालतात

एचडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्राच्या एका चौकटीत आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. आपल्याकडील पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ चौकटी आणि ठिपक्यामागे १२ बिट धरल्यास सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट इतकी माहिती होते. तासाभराच्या समारंभाला या हिशेबाने २८० गिगाबाइट जागा लागेल. इतकी जागा कोणाच्या घरी नाही, आणि इतका प्रवाह वाहून नेणारी तारही सामान्य घरात नाही. म्हणून चित्राची घडी घालावी लागते.

ही घडी घालण्याची रीत थोडक्यात अशी. चित्राचे लहान लहान चौकोन पाडले जातात. मागच्या चौकटीत जो चौकोन होता तोच या चौकटीत थोडा सरकला असेल, तर तो पुन्हा न लिहिता 'अमुक इतका सरकला' एवढेच लिहितात. जो बारकावा डोळ्यास फारसा जाणवत नाही तो टाकून देतात. अशा रीतीने ६२२ मेगाबिटांचे आठ मेगाबिट करता येतात. म्हणजे मूळ माहितीचा सुमारे अठ्ठ्याहत्तरावा हिस्साच ठेवला जातो. सेकंदाला जितके बिट दिले जातात त्यास बिटरेट म्हणतात. चित्राच्या बऱ्यावाइटाचा निम्मा हिशेब या एका आकड्यात असतो.

घडी घालण्याच्या पद्धती काळानुसार सुधारत गेल्या. लग्नाच्या व्हिडिओ सीडीत एमपेग-१ ही पद्धत होती. तिचे चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे आणि बिटरेट सव्वा मेगाबिटाच्याही आत. डीव्हीडीत एमपेग-२ आली. २००३ साली एच.२६४, २०१३ साली एच.२६५ आणि २०१८ साली एव्ही१ या पद्धती जाहीर झाल्या. प्रत्येक नवी पद्धत तेवढ्याच बिटांत अधिक चांगले चित्र देते. मात्र तिची घडी घालण्यास व उलगडण्यास श्रम अधिक पडतात, आणि जुन्या टीव्हीला ती कळत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. पाहुणे खुर्चीवर बसले आहेत आणि कोणी भाषण करीत आहे, असे दृश्य थोड्या बिटांतही नीट राहते, कारण त्यात हलते फार थोडे. याउलट अक्षतांचा वर्षाव हे दृश्य अत्यंत कठीण. शेकडो तांदूळ, प्रत्येकाची दिशा निराळी. मागच्या चौकटीतील एकही चौकोन पुढच्या चौकटीत जुळत नाही. फुलबाजे, कारंजे, पाऊस, वरातीतील नाच आणि जुन्या कॅसेटवरील मुंग्या यांचेही तसेच. म्हणून सर्व्हरची परीक्षा घेणे झाल्यास ती भाषणावर घेऊ नये, अक्षतांवर घ्यावी.

चित्र पोहोचविण्याचे तीन मार्ग

सर्व्हर आपल्या टीव्हीला चित्र तीन रीतींनी देऊ शकतो. पहिली रीत, फाईल आहे तशी देणे. यात चित्रास कोणी हात लावीत नाही. म्हणून मूळ जसे असेल तसेच दिसते. दुसरी रीत, चित्र व आवाज तेच ठेवून फक्त त्यांची पेटी बदलणे. उदाहरणार्थ, एमकेव्ही पेटीतून काढून एमपी४ पेटीत घालणे. यातही चित्राची प्रत घटत नाही. तिसरी रीत म्हणजे ट्रान्सकोडिंग: घडी पूर्ण उलगडावयाची आणि नव्याने घालावयाची. प्रत घटण्याचा प्रश्न फक्त या तिसऱ्या रीतीत येतो. एकदा टाकून दिलेला बारकावा परत येत नाही, आणि दुसऱ्या खेपेस आणखी काही टाकले जाते. कागदाच्या छायाप्रतीची पुन्हा छायाप्रत काढावी, तशातलाच हा प्रकार.

सर्व्हर तिसऱ्या मार्गाला का जातो, याची कारणे मोजकी आहेत. टीव्हीस ती पद्धत कळत नाही. पाहणाऱ्याने फोनवर कमी प्रतीची निवड केली आहे. इंटरनेटचा वेग अपुरा आहे असे सर्व्हरास वाटते. किंवा उपशीर्षके चित्रावरच छापावयाची आहेत. यांपैकी कोणतेही कारण दूर करता आले, तर रूपांतराची गरजच उरत नाही. चित्र बिघडू न देण्याचा उत्तम उपाय म्हणजे रूपांतर टाळणे, हे प्रथमच सांगून ठेवतो.

यंत्रमाग आणि हातमाग

रूपांतर करणे भागच पडले तर ते दोन प्रकारे होते. एक, प्रोसेसर स्वतः आज्ञावलीच्या साहाय्याने ते करतो. यास सॉफ्टवेअर ट्रान्सकोडिंग म्हणतात. दुसरा प्रकार हार्डवेअरचा. इंटेलने २०११ साली आपल्या प्रोसेसरात क्विक सिंक नावाचा खास भाग बसविला. एन्व्हिडियाने २०१२ साली आपल्या कार्डांत एन्व्हेंक आणला, आणि एएमडीनेही त्याच सुमारास आपली रचना काढली. हे भाग केवळ चित्राच्या घड्या घालण्यासाठी व उलगडण्यासाठी घडविलेले असतात. ते थोड्या विजेत अतिशय जलद काम करतात.

बऱ्हाणपूरच्या मंडळीस हा भेद मागाच्या उदाहरणाने चटकन कळेल. यंत्रमागावर कापड भराभर निघते, पण जी वीण त्यात बसविली आहे तीच निघते. हातमागाचा विणकर धागा पाहून हात बदलतो. वेळ लागतो, पण अवघड ठिकाणी तो थांबून विचार करू शकतो. सॉफ्टवेअर एकेका चौकोनासाठी अनेक पर्याय तपासून पाहते. हार्डवेअर ठरलेले थोडेच पर्याय पाहून पुढे जाते. म्हणून सारख्याच बिटरेटला, सावकाश चालविलेल्या सॉफ्टवेअरचे चित्र हार्डवेअरपेक्षा सहसा सरस ठरते. अलीकडच्या यंत्रांत हा फरक पुष्कळ कमी झाला आहे. जुन्या यंत्रांत मात्र तो डोळ्यांस स्पष्ट दिसतो.

येथे पिढीचा प्रश्न येतो. इंटेलमध्ये एच.२६५ ची साधी घडी २०१५ च्या सहाव्या पिढीपासून, आणि दहा बिटांची २०१७ च्या सुमाराच्या सातव्या पिढीपासून घालता येऊ लागली. एन्व्हिडियाच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीत घडीची प्रत लक्षणीय सुधारली. परंतु जीटीएक्स १६५० या कार्डाच्या मूळ आवृत्तीत नाव नव्या पिढीचे असूनही हा भाग आधीच्या पिढीचाच होता. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक २०२३ साली आला. त्यात तर चित्राची घडी घालणारा हार्डवेअर भागच ठेवलेला नाही. म्हणून विकत घेताना नावावर न जाता आतील भाग कोणत्या पिढीचा आहे हे विचारावे. प्लेक्समध्ये हार्डवेअरचा उपयोग करण्यास प्लेक्स पासची वर्गणी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

दोष शोधण्याचा क्रम

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, इ. स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या वाटेने शहरात आणण्यासाठी ही योजना केली गेली. तिच्यात शंभराहून अधिक कुंड्या आहेत. अशा योजनेत शेवटच्या टोकाला पाणी गढूळ आले, तर शेवटच्याच कुंडीत उतरून उपयोग नाही. उगमापासून एकेका कुंडीत डोकावीत यावे. जेथे पाणी प्रथम गढूळ दिसेल त्याच्या अलीकडेच दोष. चित्राचेही तसेच आहे. पुढील क्रम पाळला तर अर्ध्या तासात दोषाचे ठिकाण कळते.

पहिली पायरी. मूळ फाईल सर्व्हरच्या संगणकावरच, व्हीएलसीसारख्या साध्या चालकात पाहावी. येथेच चित्र वाईट असेल तर सर्व्हरचा काही दोष नाही. कॅसेट उतरवितानाच ते बिघडले आहे.

दुसरी पायरी. मूळ चांगले असेल तर टीव्हीवर तेच दृश्य लावून सर्व्हरच्या नियंत्रण-पानावर पाहावे. फाईल आहे तशी जात आहे की तिचे रूपांतर होत आहे, आणि होत असल्यास कोणत्या कारणाने, हे जेलीफिन तेथे लिहून दाखवितो. प्लेक्समध्ये हार्डवेअरचे काम चालू असेल तर चित्राच्या नोंदीपुढे तशी खूण येते.

तिसरी पायरी. टीव्हीवरील किंवा फोनवरील अॅपात चित्राच्या प्रतीची जी निवड आहे ती कमाल करावी. घराबाहेरून पाहताना पुष्कळदा ही निवड आपोआप दोन-चार मेगाबिटांवर बसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अनेक तक्रारी या एका बदलाने मिटतात.

चौथी पायरी. तरीही दोष राहिला, तर सर्व्हरमध्ये हार्डवेअरचा उपयोग तात्पुरता बंद करून तेच एक मिनिटाचे दृश्य पुन्हा पाहावे. दोष गेला, तर तो हार्डवेअरचा, त्याच्या ड्रायव्हरचा किंवा त्याच्या मांडणीचा आहे. दोष तसाच राहिला, तर बिटरेट कमी आहे किंवा रूपांतराची आज्ञाच चुकीची आहे.

पाचवी पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले ते वहीत टिपावे. चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे चित्र सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा बिघडले म्हणजे सर्व काम पहिल्यापासून करावे लागते.

निरनिराळे दोष व त्यांचे उपाय

चौकोन पडणे. हालचालीच्या दृश्यात चित्राचे तुकडे दिसणे म्हणजे बिट अपुरे पडणे. उपाय साधा आहे: बिटरेट दीडपट-दुप्पट करून पाहावा. एचडी चित्रास एच.२६४ पद्धतीत तीन मेगाबिट म्हणजे मूळ माहितीचा सुमारे दोनशे सातावा हिस्सा. त्यात अक्षता मावत नाहीत. आठ ते दहा मेगाबिटांत हार्डवेअरचे चित्रही बहुधा समाधानकारक होते. तितका वेग नसेल तर ठिपके कमी करावे: थोड्या बिटांत ओढून ताणून बसविलेल्या १,०८० रेघांपेक्षा ७२० रेघांचे चित्र डोळ्यांस अधिक बरे दिसते. पाहणारी सर्व यंत्रे एच.२६५ समजणारी असतील, तर सर्व्हरला त्या पद्धतीत घडी घालण्याची परवानगी द्यावी. एक सूचना: जेलीफिनच्या मांडणीत 'सीआरएफ' नावाचा प्रतीचा जो आकडा आहे तो सॉफ्टवेअर रूपांतरालाच लागू पडतो, हार्डवेअर चालू ठेवून तो कितीही बदलला तरी चित्रात फरक पडणार नाही.

अंधाऱ्या भागात पट्टे दिसणे. रात्रीच्या वरातीत आकाशाच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. आठ बिटांच्या चित्रात काळ्याच्या छटा थोड्या, आणि त्यातही घडी घालणारा भाग अंधाराकडे दुर्लक्ष करतो. बिटरेट वाढविणे आणि यंत्र जमवून घेत असल्यास दहा बिटांची एच.२६५ पद्धत निवडणे, हे दोन उपाय.

रंग फिके पडणे. मूळ चित्र एचडीआर प्रकारचे असून ते साध्या टीव्हीसाठी उतरविताना रंगांची मोजपट्टी बदलली नाही, म्हणजे सर्व चित्र राखेने माखल्यासारखे दिसते. २०२० सालच्या आयफोन १२ पासून त्या फोनांवर एचडीआर चित्रीकरण होऊ लागले. तेव्हा अलीकडच्या लग्नांत हा दोष विशेष आढळतो. सर्व्हरमध्ये 'टोन मॅपिंग' नावाचा पर्याय असतो, तो चालू करावा. त्याने काम वाढते, म्हणून जुने यंत्र त्याखाली दमते. डॉल्बी व्हिजनच्या एका प्रकारात चित्र सरळ हिरवे-जांभळे दिसते. त्याचेही कारण हेच, आणि उपायही हाच. रंग फिके नसून काळा भाग धुवट किंवा उलट फारच गडद दिसत असेल, तर टीव्ही व पेटी यांच्यात काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेबद्दल एकमत नाही असे समजावे; ती निवड दोन्हीकडे सारखी करावी.

फणीचे दाते दिसणे. हलणाऱ्या हाताच्या कडेला आडव्या रेघा निघतात. आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असल्या, तरी प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची विणलेली असे: आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या रेघा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे दिसत नसे. आजच्या पडद्यावर दोन अर्धी चित्रे एकदम दिसतात आणि दाते पडतात. कॅसेटवरून व हँडीकॅमवरून आलेल्या जवळजवळ सर्व चित्रांत हा प्रश्न असतो. सर्व्हरमध्ये 'डीइंटरलेसिंग'साठी याडिफ व बीडब्ल्यूडिफ अशा दोन पद्धती मिळतात. दुसरी सामान्यतः अधिक चांगली. शेजारीच चौकटींची संख्या दुप्पट करण्याचा पर्याय असतो. तो घेतल्यास सेकंदाला ५० चौकटी होऊन हालचाल मूळच्यासारखी सुळसुळीत दिसते. फाईलमध्ये ती विणलेली आहे अशी नोंदच नसेल, तर सर्व्हरास ते कळत नाही. तेव्हा फाईल एकदा नीट तयार करून घ्यावी.

चेहरे लांबट किंवा पसरट दिसणे. पाल चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, पण ते ठिपके चौरस नसतात. ते चौरस समजून दाखविले की माणसे किंचित उंच व सडपातळ दिसतात. नीट चित्र ७६८ गुणिले ५७६ च्या प्रमाणात हवे. टीव्हीवरील 'ताणून भरा' ही निवडही तपासावी. ती असली म्हणजे बारीक माणूसही पैलवान होतो.

अडखळणे. रूपांतराची नोंद सर्व्हर लिहून ठेवतो; तीत वेगाचा आकडा असतो. तो एकाहून कमी असेल तर पाहण्याच्या वेगाने काम होत नाही, असा अर्थ. अशा वेळी बहुधा हार्डवेअर चालूच नसते: ड्रायव्हर बसविलेला नाही, किंवा लिनक्समध्ये सर्व्हरला ग्राफिक भाग वापरण्याची परवानगी दिलेली नाही, किंवा सर्व्हर डॉकरच्या डब्यात असून त्या डब्यात हा भाग दिसतच नाही. इंटेलच्या काही कमी विजेच्या प्रोसेसरांत फक्त 'लो पॉवर' प्रकारचा एन्कोडर असतो व त्यास लिनक्समध्ये एचयूसी नावाचे फर्मवेअर लागते; ते चढले नसल्यास बिटरेटचे नियंत्रण नीट होत नाही. दहा बिटांची एच.२६४ फाईल बहुतेक हार्डवेअरला उलगडता येत नाही, हेही एक कारण. शिवाय आपल्या बाजूचा उन्हाळा विसरू नये. वैशाखात बंद कपाटात ठेवलेले यंत्र तापते, तापले म्हणजे आपला वेग आपणच कमी करते, आणि दुपारी अडखळणारे चित्र रात्री नीट चालते. पंख्यावरची धूळ काढणे व यंत्र मोकळ्या हवेत ठेवणे, यास खर्च काहीच नाही.

हिरवा किंवा तुटका पडदा. हे बहुधा ड्रायव्हरचे काम. ड्रायव्हर व सर्व्हर यांच्या नव्या आवृत्त्या घ्याव्या. नव्या आवृत्तीनंतरच दोष आला असेल तर मागची आवृत्ती परत घालावी. ज्या प्रकारच्या फाईलला दोष येतो त्या प्रकारापुरते हार्डवेअर उलगडणे बंद करता येते; बाकीचे चालू राहू द्यावे.

उपशीर्षकांचे चौकोन. ब्लू-रे वरून आलेली उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात. पुष्कळ टीव्ही ती स्वतः दाखवू शकत नाहीत, म्हणून सर्व्हर ती चित्रावर छापतो आणि त्यासाठी सर्व चित्राचे रूपांतर करतो. साध्या अक्षरांची फाईल मिळाल्यास हा खटाटोप वाचतो. मराठी उपशीर्षके छापताना अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर सर्व्हरच्या यंत्रात देवनागरी टंक बसविलेला नाही असे समजावे व तो बसवावा.

दूरच्या नातेवाइकांची तक्रार. घरात चित्र उत्तम आणि पुण्याच्या मुलीकडे धुरकट, असे झाले तर आपल्या जोडणीचा बाहेर जाणारा वेग मोजावा. येणारा वेग जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. जाणारा वेग पुष्कळदा त्याहून कमी. तो दहा मेगाबिट असून दोघे एकाच वेळी पाहत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास चार मेगाबिटांहून फारसे येत नाही. यात कोणताही एन्कोडर चमत्कार करू शकत नाही. महत्त्वाची चित्रफीत त्यांना मूळ स्वरूपात उतरवून घेण्यास सांगावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

पाहण्याची प्रत आणि जपण्याची प्रत

येथवर जे सांगितले ते पाहण्याच्या सोयीबद्दल. आता जी गोष्ट सांगावयाची ती याहून महत्त्वाची आहे.

सर्व्हरचे रूपांतर तात्पुरते असते. चित्र संपले की ती प्रत नाहीशी होते व मूळ फाईल सुरक्षित राहते. त्यामुळे आज चित्र वाईट दिसले तरी उद्या सुधारता येते. परंतु डिस्क भरत आली म्हणजे, सर्व संग्रह हार्डवेअरने लहान करावा आणि मूळ फाइली पुसून टाकाव्या, हा विचार मनात येतो. रात्रीत काम होते, जागा निम्म्याने मोकळी होते. आणि वर सांगितलेले सर्व दोष कायमचे चित्रात बसतात. विणलेल्या रेघा एकदा चुकीच्या दाबल्या गेल्या की त्या पुन्हा नीट सोडविता येत नाहीत. अक्षतांच्या धुक्यात हरवलेला आजीचा चेहरा परत मिळत नाही.

मग मूळ कॅसेट पुन्हा उतरवू म्हणावे, तर ती वाटही बंद होत चालली आहे. व्हीएचएसचे व्हीसीआर यंत्र करणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत ते उत्पादन थांबविले. कॅसेटची फीतही वर्षागणिक क्षीण होते. मोठ्या संस्थांच्या बाबतीतही काळ दया करीत नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. आज त्याचा काही भागच उरला आहे. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरीही २००३ च्या जानेवारीत तेथील नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागून अनेक जुन्या चित्रपटांची रिळे गेली. जेथे जाणती माणसे राखण करीत होती तेथे असे होते. मग आपल्या घरच्या एकुलत्या एका प्रतीची काय कथा!

म्हणून दोन प्रतींचा नियम पाळावा. जपण्याची प्रत म्हणजे कॅसेटवरून किंवा कॅमेऱ्यातून जशी आली तशी फाईल. मिनीडीव्ही फितीचा एक तास सुमारे १३ गिगाबाइट होतो. मुख्य प्रसंगांच्या दहा फिती म्हणजे १३० गिगाबाइट. आजच्या डिस्कांच्या मानाने ही जागा मोठी नाही. ती प्रत दोन निरनिराळ्या डिस्कांवर, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या गावी ठेवावी. एक खकनारला, एक मुलाकडे. पाहण्याची प्रत हवी तर निराळी करावी. ती हार्डवेअरने न करता सॉफ्टवेअरने, सावकाश, रात्रभर यंत्र चालवून करावी. एफएफएमपेग ही २००० साली सुरू झालेली विनामूल्य प्रणाली हे काम उत्तम करते, आणि बहुतेक मीडिया सर्व्हर आतून तिचाच आधार घेतात. एच.२६४ मध्ये सीआरएफ १८ च्या आसपास ठेवले तर मूळ व प्रत यांतील फरक सहसा डोळ्यांस कळत नाही. पाहण्याची प्रत टीव्हीला समजणाऱ्या पद्धतीत एकदाच नीट केली, म्हणजे पुढे सर्व्हरला रोज रूपांतर करावे लागत नाही, आणि या लेखातील निम्मे दोष आपोआप नाहीसे होतात.

नवी प्रत झाल्यावर ती सुरुवातीचे दोन मिनिटे पाहून संमत करू नये. अक्षता, वरात, रात्रीचे दृश्य आणि शेवटची पाच मिनिटे, असे चार ठिकाणी पाहावे. आवाज ओठांशी जुळतो की नाही तेही शेवटाकडेच तपासावे, कारण फोनवरील चित्रीकरणात चौकटींची गती कमीजास्त होत असल्याने आवाज हळूहळू मागेपुढे सरकत जातो. आणि फाईलच्या नावात प्रसंग, गाव व साल लिहावे. चित्र कितीही स्वच्छ असले, तरी त्यातील माणसे कोण हे सांगणारा कोणी उरला नाही म्हणजे ते परक्याचेच होते. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून, कोण कोण दिसते ते लिहून घ्यावे. हे काम कोणत्याही यंत्राला, कितीही नव्या पिढीचे असले तरी, करता येणार नाही.

सारांश इतकाच. शक्य तेथे रूपांतर टाळावे. टळत नसेल तर पुरेसा बिटरेट द्यावा. दोष उगमापासून क्रमाने शोधावा. आणि मूळ प्रतीस हात लावू नये. सभासदांपैकी ज्या तरुणांना या विषयाचा हात आहे त्यांनी सुटीत गावी आल्यावर दोन-चार घरांचे सर्व्हर पाहून दिले आणि पडून असलेल्या कॅसेटी वेळीच उतरवून घेतल्या, तर कित्येक कुटुंबांचा ठेवा वाचेल.